बीए झालं, पुढं काय? विदर्भातल्या गावाकडच्या पदवीधरांसाठी

बीएचा निकाल लागला की गावात पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मंग, आता काय करून राह्यला?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण पुसद, अहेरी किंवा मोर्शीच्या कॉलेजातून इतिहास, समाजशास्त्र, मराठी वाङ्मय घेऊन पास झालेल्या मुलामुलींना या प्रश्नाचं उत्तर तीन वर्षांत कुणी सांगितलेलं नसतं. नर्सिंग केलेल्या मुलीला दवाखाना माहीत असतो, आयटीआयवाल्याला कारखाना. बीएवाल्यासाठी ठरलेली अशी एक नोकरी नाही. म्हणून बहुतेक जण तालुक्याच्या अभ्यासिकेत जाऊन बसतात, आणि तीन-चार वर्षं कशी गेली ते त्यांनाच कळत नाही.

माझं मत पहिल्यांदाच सांगून टाकतो. नुसत्या बीएवर काम मिळत नाही, आणि नुसत्या परीक्षेच्या भरवशावर बसणंही धोक्याचं आहे. पदवीला एक तरी असं काम जोडा जे तुम्ही समोर बसून करून दाखवू शकाल. परीक्षा द्यायची असेल तर तिला आधीच मुदत घाला. खालच्या पायऱ्या या दोन गोष्टींभोवती लावल्या आहेत.

पायरी पहिली: कागद

निकालानंतरचे पहिले दोन महिने कागदपत्रांना द्या. हे काम कंटाळवाणं आहे, पण गावाकडची मुलं सर्वांत जास्त इथंच अडकतात. जाहिरात निघाली की अर्जाला दोन-तीन आठवडे मिळतात, आणि ते सेतूची रांग, तलाठ्याची भेट आणि तहसीलच्या चकरांत संपतात.

डोमिसाईल, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, खुल्या प्रवर्गातल्यांसाठी ईडब्ल्यूएस, हे सगळं जाहिरातीची वाट न बघता काढून ठेवा. नॉन-क्रिमीलेअरची मुदत 31 मार्चला संपते, ती कोणत्या वर्षाच्या मार्चपर्यंत आहे हे दाखल्यावर बघा. आधार, दहावीची मार्कशीट आणि पदवी यांवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवा. आपल्याकडे वडिलांचं नाव एका कागदावर 'रामराव' आणि दुसऱ्यावर 'रामरावजी' असतं. घरात त्यानं काही बिघडत नाही, कागदपत्रं तपासताना मात्र बिघडतं.

जात वैधतेला, म्हणजे जातीच्या दाखल्याची समितीकडून पडताळणी करून घ्यायला, सर्वांत जास्त वेळ लागतो. समितीला जुना पुरावा हवा असतो, आणि 'जुना' म्हणजे किती ते प्रवर्गानुसार ठरलेलं आहे. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि ओबीसींसाठी 13 ऑक्टोबर 1967, या तारखांच्या आधीचा. म्हणजे आजोबा-पणजोबांचा. तो आधी प्राथमिक शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये शोधा, मग तहसीलमधल्या कोतवाल बुकात. विदर्भ 1956 पर्यंत मध्य प्रदेशात होता, त्यामुळे एखादी नोंद हिंदीत किंवा मोडीत निघाली तर गांगरू नका. मोडी वाचून देणारे जाणकार असतात. काकांची किंवा आत्याची वैधता झालेली असेल तर तिची प्रत मिळवा, काम पुष्कळ सोपं होतं.

आणखी एक कागद बरेच जण विसरतात. तुमच्या घरची शेती गोसीखुर्द, अप्पर वर्धा किंवा अशा कुठल्या धरणात गेली असेल, तर प्रकल्पग्रस्ताच्या दाखल्यावर सरकारी भरतीत 5 टक्के समांतर आरक्षण आहे. एका कुटुंबातल्या एकालाच त्याचा लाभ मिळतो, म्हणून तो कुणी घ्यायचा हे भावाबहिणींनी बसून ठरवा.

पायरी दुसरी: आपला विषय कुठं कामाला येतो ते बघा

भूगोलवाल्यांना नकाशाचं काम आहे. क्यूजीआयएस नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, साध्या लॅपटॉपवर चालतं, आणि शिवारातले गट, नाले, पाणलोट त्यावर काढता येतात. राज्याचं सुदूर संवेदन उपयोजन केंद्र नागपुरातच आहे. पाणी आणि जंगलावर काम करणाऱ्या संस्थांना असे हात लागतात. अर्थशास्त्रवाल्यांनी बँक, बचत गट आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांचे हिशेब यांकडे बघावं. राज्यशास्त्र आणि समाजशास्त्र शिकलेल्यांना ग्रामपंचायत, पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा), वनहक्क हे शब्द परीक्षेपुरते माहीत असतात. त्याच विषयावर पगार घेऊन काम करणारी माणसं गडचिरोली आणि मेळघाटात आहेत, हे त्यांना कुणी सांगत नाही. मराठी वाङ्मयवाल्यांची कमाईची वाट शुद्ध आणि सोपं लिहिण्याची, त्यावर पुढं बोलू. मानसशास्त्राच्या बीएवर समुपदेशकाची पाटी मात्र लावू नका. त्यासाठी एमए आणि पुढचं प्रशिक्षण लागतं, आणि समोरच्या माणसाच्या जिवाशी ते काम जोडलेलं आहे.

भाषा हीसुद्धा जमेची बाजू आहे आणि ती अर्जात लिहायला आपली मुलं लाजतात. कोरकू, गोंडी, माडिया, गोरमाटी घरात बोलली जात असेल तर ते पहिल्या ओळीत लिहा. धारणीत किंवा एटापल्लीत आरोग्याचं, शिक्षणाचं काम करणाऱ्या संस्थेला इंग्रजी फाडफाड बोलणारा शहरातून आणता येतो, पण गावातल्या आजीशी तिच्या भाषेत बोलणारा आणता येत नाही.

पायरी तिसरी: करून दाखवता येईल असं काम शिका

इथं सर्वांत जास्त वेळ घालवा. निदान सहा महिने, रोज दोन-तीन तास, घरचं काम सांभाळून.

टायपिंगपासून सुरुवात करा. शासकीय संगणक टंकलेखन प्रमाणपत्र परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. मराठी 30 आणि इंग्रजी 40 शब्द प्रति मिनिट ही प्रमाणपत्रं हातात असली की लिपिक-टंकलेखकाच्या जागांना अर्ज करता येतो, आणि नोकरी सरकारी नसली तरी हा वेग उपयोगी पडतो. मोबाइलवर अंगठ्यानं मराठी भराभर लिहिता येणं वेगळं आणि कीबोर्डवर युनिकोड मराठीत दोन पानी अहवाल न चुकता टाइप करणं वेगळं. दुसरं ज्याला जमतं तो तालुक्याच्या कोणत्याही कार्यालयात लगेच उपयोगाचा ठरतो. एमएससीआयटी बहुतेकांचं झालेलं असतं, नसेल तर करून टाका, अनेक भरत्यांत मागतात.

त्यानंतर एक्सेल. महागडा क्लास लावायची गरज नाही. गावातल्या एका बचत गटाचं रजिस्टर मागून घ्या. दहा-पंधरा बाया, महिन्याची बचत, अंतर्गत कर्ज, व्याज, परतफेड, थकबाकी हे सगळं एक्सेलमध्ये चढवा. बेरजा सूत्रानं आणा, कुणाकडे किती थकलं ते एका तक्त्यात दिसू द्या. गटाच्या अध्यक्षबाईंना वाचून दाखवा, त्या चूक लगेच पकडतील. हे दोन-तीन महिने केलंत की तुमच्याकडे प्रमाणपत्रापेक्षा मोलाची वस्तू तयार होते: खरं काम, ज्याचा खऱ्या माणसांना उपयोग झाला. बायांची नावं काढून त्याचा नमुना जपून ठेवा.

लिहिण्यासाठी मी एक सराव नेहमी सुचवतो. शासनाच्या संकेतस्थळावरचा एखादा शासन निर्णय घ्या, घरकुलाचा, शिष्यवृत्तीचा, विहिरीचा. पाच-सहा पानांचा जीआर वाचा आणि गावातल्या माणसाला कळेल असा अर्ध्या पानात लिहा: कुणाला मिळतं, काय कागद लागतात, अर्ज कुठं करायचा, शेवटची तारीख काय. ग्रामपंचायतीच्या फलकावर लावू द्या, लोक वाचून काय विचारतात ते ऐका आणि पुन्हा लिहा. असे दहा जीआर झाले की तुमची मराठी सुधारते आणि सरकारी कामाची भाषा कळायला लागते. शिवाय परीक्षेचा अभ्यासही आपोआप होतो. पुढं कुठल्याही संस्थेत, वर्तमानपत्रात किंवा मोबाइल ॲपच्या कंपनीत मराठी लेखनासाठी नमुना मागितला, तर हेच दहा कागद द्या.

सर्वेक्षणाचं काम बीएवाल्यांना सहज मिळतं आणि बहुतेकांना ते माहीत नसतं. आरोग्य, शेती, शिक्षण यांवर अभ्यास करणाऱ्या संस्था काही आठवडे किंवा महिने गावोगाव माहिती गोळा करायला माणसं घेतात. प्रश्न मोबाइलवर असतात, कोबोसारखं ॲप असतं, ते एका दिवसात शिकता येतं. अवघड असतं ते दुसरंच: उन्हात पंचवीस घरं फिरून शेवटच्या घरातही तोच प्रश्न त्याच शांतपणे विचारणं, उत्तर तोंडात न घालणं, आणि जे घर बंद होतं तिथं मनानं आकडे न भरणं. प्रामाणिकपणे हे करणाऱ्याला पुढच्या कामाला परत बोलावतात, आणि पर्यवेक्षक म्हणून पुढं नेतात.

इंग्रजीची भीती घालवायला बोलण्याचा क्लास लावण्याआधी वाचायला लागा. रोज एका बातमीचा एक परिच्छेद, आणि आठवड्याला एक ईमेल लिहायचा. सुरुवातीच्या नोकऱ्यांत सूचना वाचता येणं आणि चार ओळींचं उत्तर लिहिता येणं एवढंच बहुतेकदा लागतं.

पायरी चौथी: स्पर्धा परीक्षा, पण मुदतीत

परीक्षा देऊ नका असं मी म्हणत नाही. गरीब घरातल्या मुलीला वशिल्याशिवाय अधिकारी करणारा हाच रस्ता आहे, आणि विदर्भातल्या कितीतरी घरांचं त्यानं भलं झालं आहे. पण गर्दी किती आहे हे घरात सगळ्यांना माहीत हवं. 2023 च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांहून जास्त. त्यात चांगला अभ्यास केलेली मुलंही हजारोंनी मागं राहिली. त्यांच्यात काही कमी नव्हतं, जागाच तेवढ्या होत्या.

म्हणून पहिल्या दिवशी आई-वडिलांसमोर बसून ठरवा: पूर्ण वेळ अभ्यास किती महिने, खर्च किती, आणि त्यानंतर काम करत परीक्षा द्यायची का. माझ्या मते दोन पूर्ण प्रयत्न, फार तर तीन. आकडा कागदावर लिहा. वय निघून जाईल या भीतीनं घाई करू नका, कारण राज्यसेवेला खुल्या गटासाठी 38 आणि मागासवर्गीयांसाठी 43 वर्षांपर्यंत मुभा आहे. काम करतानाही परीक्षा देता येते.

कोणती परीक्षा, हेही विचारानं निवडा. राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली आहे. लेखी 1750 गुणांची, निबंध, सामान्य अध्ययनाचे चार पेपर, आणि एका वैकल्पिक विषयाचे दोन. वैकल्पिक विषयांत इतिहास, भूगोल, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, मराठी साहित्य आहेत. ज्यानं बीएच्या तीन वर्षांत गाइड सोडून मूळ पुस्तकं वाचली त्याला हा बदल फायद्याचा आहे, कारण आता लिहिता येणाऱ्याला गुण आहेत. रोज एक उत्तर हातानं लिहायची सवय आजपासून लावा. पूर्वपरीक्षेतला सीसॅटचा, म्हणजे उताऱ्यांचं आकलन, गणित आणि बुद्धिमत्तेचा पेपर 33 टक्क्यांनी पास व्हावाच लागतो आणि गणिताला घाबरणारी आपली मुलं तिथं अडतात. त्याला दिवसाचा एक तास द्या.

पीएसआयला मैदान आणि उंचीची अट आहे, पुरुषांना 165 आणि महिलांना 157 सेंटिमीटर. अभ्यासाला वर्ष घालण्याआधी उंची मोजून घ्या. वनरक्षकाला बारावीत विज्ञान, गणित, भूगोल, अर्थशास्त्र यांपैकी एक तरी विषय हवा. कला शाखेतून बारावीला भूगोल किंवा अर्थशास्त्र घेतलेल्यांना ही वाट उघडी आहे.

ग्रामीण बँकेच्या परीक्षेकडे विदर्भातली बीएची मुलं फार कमी वळतात, याचं मला वाईट वाटतं. विदर्भ कोकण ग्रामीण बँक 1 मे 2025 पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. तिच्या कार्यालयीन सहायकाची परीक्षा आयबीपीएस ही बँकांची भरती परीक्षा घेणारी संस्था घेते, कोणतीही पदवी चालते, वय 18 ते 28. पूर्वपरीक्षेत फक्त बुद्धिमत्ता आणि अंकगणित, 80 प्रश्न, 45 मिनिटं. इंग्रजीचा पेपर तिथं नाही, आणि मुख्य परीक्षेत इंग्रजीऐवजी हिंदी घेता येते. हिंदी तर आपल्याकडे बाजारात बोलूनच येते. वर्षभर वेग वाढवण्याचा सराव केला तर ही परीक्षा हाताशी येणारी आहे.

पुण्याला जायलाच हवं असं नाही. नागपूर आणि अमरावतीला शासनाची भारतीय प्रशासकीय सेवा पूर्व प्रशिक्षण केंद्रं आहेत, प्रवेश परीक्षा देऊन जाता येतं. ओबीसी, विमुक्त-भटके आणि विशेष मागास वर्गाच्या मुलांसाठी महाज्योती आहे, तिचं मुख्यालयच नागपुरात. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, आदिवासींसाठी टीआरटीआय. यांच्या मोफत प्रशिक्षणाच्या जाहिराती थोड्या दिवसांसाठी येतात, म्हणून त्यांची संकेतस्थळं दर आठवड्याला उघडून बघायची सवय ठेवा. पैसे उधार घेऊन पुण्यात खोली करण्याआधी हे सगळं करून बघा.

आणि कुणी "सेटिंग आहे, अमुक लाख द्या" म्हणाला तर उठून या. त्यात दोन एकर विकलेली घरं आहेत. नोकरी मिळाली नाही, जमीन परत आली नाही, आणि तक्रार करायलाही तोंड उरलं नाही.

पायरी पाचवी: पुढं शिकायचं तर कशासाठी

"काहीच नाही तर एमए करू" हे कारण पुरेसं नाही. एमए जवळच्याच कॉलेजात, हजेरीपुरतं, असं केलं तर दोन वर्षं वाढतात आणि हातात तेवढंच राहतं. एमए करायचंच तर बाहेर पडा. केंद्रीय विद्यापीठांत सीयूईटी-पीजी परीक्षेनं प्रवेश मिळतो, शुल्क कमी, वसतिगृह आणि ग्रंथालय उत्तम. घराजवळच्या वर्ध्याला महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आहे, तिथं अनुवादाचं शिक्षणही मिळतं. पत्रकारिता करायची असेल तर अमरावतीला भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्र आहे, मराठी पत्रकारितेचा अभ्यासक्रम चालवणारं. सामाजिक क्षेत्रात जायचं तर तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची शाखा आहे, आणि बंगळुरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठ गरज बघून शुल्कात मोठी सवलत देतं. यवतमाळमधून सुरू झालेली एकलव्य ही संस्था घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलांना अशा ठिकाणांच्या प्रवेश परीक्षांसाठी तयार करते. तिच्याकडे जरूर चौकशी करा.

बीएड करण्याआधी तीन गोष्टी नीट समजून घ्या. बीएडवर पहिली ते पाचवीचा शिक्षक होता येत नाही, सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट 2023 मध्ये ते स्पष्ट केलं. त्यासाठी डीएलएड, म्हणजे पूर्वीचं डीएड, हवं. सहावी ते आठवीला टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा दुसरा पेपर पास हवा, त्यात खुल्या गटाला 60 टक्के गुण लागतात. आणि तुमचा बीएचा विषय शाळेत शिकवला जाणारा हवा. इतिहास, भूगोल, मराठी, इंग्रजीला अडचण नाही. गृहअर्थशास्त्र किंवा मानसशास्त्र घेतलेल्यांनी सीईटीचा अर्ज भरण्याआधी विषयाची अट वाचावी. खासगी शाळेत जागेसाठी पैसे मागतात हे सगळ्यांना माहीत आहे. तेवढे पैसे घरात नसतील तर पवित्र पोर्टलची, म्हणजे शासनाच्या ऑनलाइन शिक्षक भरतीची वाट एवढीच उरते, आणि ती भरती कधी निघेल याला ठरलेलं वेळापत्रक नाही. शिकवण्याची खरी आवड असेल तर जा. "मुलीला बरं पडतं" या एका कारणासाठी नको.

वकिलीची वाट मात्र मला गावाकडच्या मुलांसाठी दुर्लक्षित वाटते. पदवीनंतर तीन वर्षांचा एलएलबी, प्रवेशाला सीईटी, बीएला खुल्या गटाला 45 टक्के, ओबीसींना 42 आणि अनुसूचित जाती-जमातींना 40 टक्के पुरतात. शेतीचे फेरफार, वाटण्या, मोजणीचे वाद, वनहक्काचे दावे हे सगळं तालुक्याच्या कोर्टात आणि तहसीलमध्ये रोज चालतं. पहिली तीन-चार वर्षं एखाद्या ज्येष्ठ वकिलाकडे जवळजवळ बिनपगारी काढावी लागतात, त्याची तयारी ठेवा. त्यानंतर माणूस गावातच मानानं राहून कमावू शकतो.

ग्रंथालयशास्त्राची पदवी एका वर्षाची, मुक्त विद्यापीठातूनही होते. जागा कमी आहेत, पण अर्ज करणारेही इतर भरत्यांपेक्षा कमी.

पायरी सहावी: जिल्ह्यातच असलेली कामं

शहरात गेल्याशिवाय काम नाही असं आपण धरून चालतो. बीएवाल्यांसाठी ते पूर्ण खरं नाही.

उमेद, म्हणजे राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान, बचत गटांवर उभं आहे. त्यात प्रभाग आणि तालुका पातळीवर कंत्राटी पदं असतात, गावपातळीवर बँक सखी, कृषी सखी अशी मानधनाची कामं. ज्या मुलीनं तिसऱ्या पायरीतला बचत गटाचा हिशेब खरंच केला आहे तिला मुलाखतीत सांगायला काहीतरी असेल. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, झालं तर संस्थांमधलं दार आणखी मोठं होतं. नागपुरात तिरपुडे आणि मातृसेवा संघ या समाजकार्याच्या जुन्या संस्था आहेत, बहुतेक जिल्ह्यांच्या ठिकाणीही महाविद्यालय सापडेल.

वनहक्काचं काम मला सर्वांत आशेचं वाटतं. 2006 च्या कायद्यानंतर गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. पुढं चंद्रपूरमधलं पाचगाव, अमरावतीतलं पायविहीर आणि गडचिरोलीतली शेकडो गावं त्या वाटेनं गेली. आता या ग्रामसभा स्वतः बांबू आणि तेंदूपत्ता विकतात. व्यवहार लाखांत जातो. मग ठराव लिहायला, मजुरीचे मस्टर ठेवायला, बँकेचा आणि ऑडिटचा हिशेब सांभाळायला, वनविभागाशी पत्रव्यवहार करायला कुणीतरी लागतं. ते काम वाचता-लिहिता येणाऱ्या, कायदा समजून घेणाऱ्या, गावात विश्वास असलेल्या माणसाचं आहे. राज्यशास्त्राच्या बीएला याहून जवळचं काम मला माहीत नाही. तुमच्या गावाला हक्क मिळाला असेल तर सचिवाला मदत करायला लागा, आधी फुकट लागलं तरी चालेल. मानधन ठरवायची वेळ आली की मात्र संकोच करू नका.

राज्यातल्या सहा व्याघ्र प्रकल्पांपैकी पाच विदर्भात आहेत: मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, नवेगाव-नागझिरा आणि बोर. प्रवेशद्वारांवर गाइड म्हणून आसपासच्या गावांतल्या मुलामुलींना वनविभाग घेतो. काम हंगामी असतं, पावसाळ्यात उत्पन्न घटतं. पण हिंदी-इंग्रजी नीट बोलणारा, झाडं-पक्षी ओळखणारा आणि त्या जंगलातल्या माणसांचा इतिहासही सांगणारा गाइड पर्यटक नाव घेऊन मागतात. लोणार, मार्कंडा, गाविलगड पाहायला येणाऱ्यांनाही असा माणूस हवा असतो, आणि तिथं तर इतिहासाच्या पदवीधराला मोकळं मैदान आहे.

वय कमी असतानाच एक वर्ष शिकण्यासाठी काढायचं असेल तर फेलोशिप बघा. एसबीआय यूथ फॉर इंडिया ही 13 महिन्यांची आहे, गांधी फेलोशिप दोन वर्षांची. गडचिरोलीच्या सर्च संस्थेचा निर्माण हा तरुणांसाठीचा उपक्रमही आहे, तो नोकरी देत नाही, आपण काय करावं हे शोधायला मदत करतो.

मुलींसाठी थोडं वेगळं सांगायला हवं. घरून "लांब नको" म्हणतात त्यात काळजी असते, आणि ती वाद घालून जात नाही. ज्या संस्थेत काम मिळतंय तिथं वडिलांना किंवा मोठ्या भावाला एकदा सोबत न्या, राहायची जागा दाखवा, तिथल्या ताईंशी बोलू द्या. एसटीत महिलांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे तालुक्याला रोज ये-जा करणं निम्म्या खर्चात होतं. सुरुवात तिथून झाली तरी हरकत नाही. पहिला पगार घरी आला की पुढचं बोलणं सोपं होतं, असं मी अनेक घरांत पाहिलं आहे. दुचाकी मात्र शिकून घ्या, आणि लायसन्स काढा. क्षेत्रावरच्या कामात ते जवळजवळ प्रत्येक जण विचारतो.

पायरी सातवी: अर्ज

बायोडाटा एका पानाचा, एक प्रत मराठीत आणि एक इंग्रजीत. त्यातून वजन-उंची, धर्म, छंद काढून टाका, आणि केलेलं काम वर घ्या. ईमेलचा पत्ता साधा, स्वतःच्या नावाचा. बायोडाटा नुसता पाठवून देऊ नका, सोबत चार ओळी लिहा. अशा:

"महोदया, मी चिखलदरा तालुक्यातील समाजशास्त्राची पदवीधर आहे. गेले सहा महिने गावातल्या दोन बचत गटांचे हिशेब एक्सेलमध्ये ठेवते, त्याचा नमुना जोडला आहे. आपल्या पोषण प्रकल्पात क्षेत्र कार्यकर्ती म्हणून काम करण्याची इच्छा आहे. कोरकू बोलता येते, दुचाकी चालवते, गावोगाव फिरण्याची तयारी आहे. आपण सांगाल त्या दिवशी भेटायला येईन."

आठ-दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर एक फोन करा. गावाकडची मुलं इथं मागं राहतात, त्यांना वाटतं आपण त्रास देतोय. अर्ज बघणाऱ्याकडे शंभर मेल असतात, विचारलेलं त्याला बरंच वाटतं.

मुलाखतीला जाताना आपल्या तालुक्याबद्दल तीन प्रश्नांची उत्तरं तयार ठेवा: पाणी कुठून येतं, पोरं कितवीला शाळा सोडतात, कापसाला-सोयाबीनला या वर्षी काय भाव मिळाला आणि का. ग्रामीण कामासाठी माणूस निवडणारा हेच विचारतो. पगार किती, प्रवासखर्च मिळतो का, करार किती महिन्यांचा, हे तुम्हीही विचारा आणि लेखी घ्या. नोकरी देण्यासाठी नोंदणी शुल्क किंवा अनामत मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

आणि कॉलेजातून टीसी काढण्याआधी दोन प्राध्यापकांना भेटा, एक तुमच्या विषयाचे आणि एक एनएसएसचे. बायोडाटात ओळख म्हणून त्यांचं नाव आणि फोन दिला तर चालेल का, हे विचारा. कुणी चौकशीला फोन केला तर तुम्ही काय काय केलं आहे ते त्यांना सांगता यावं, म्हणून तुमच्या कामाच्या फाइलची एक प्रत त्यांच्याकडे देऊन ठेवा.